साडेचार ग्रेन जास्त

माझ्या व्याह्यांइतका घाबरट शिकारी साऱ्या अमेरिकेत शोधून सापडायचा नाही. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाहीये, तोंडावरही म्हटलेलं आहे. त्यावर ते मान हलवून म्हणाले होते, "घाबरायलाच हवं, विहीणबाई. न घाबरता बाण सोडणाऱ्याच्या हातात धनुष्य देऊच नये." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं! व्याही म्हणजे माझ्या मुक्ताचे सासरे. इथे अमेरिकेत, कॅरी गावात, मुलाच्या घरी ते खालच्या खोलीत राहायचे. माझे यजमान गेल्यावर मुक्तानं मला नागपूरहून बोलावून घेतलं, तेव्हापासून वरच्या खोलीत मी. व्याही आणि विहीण एका छपराखाली, सकाळी एकाच पातेल्यातला चहा पिणार, हे नागपूरच्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना ते खरंच वाटेना. आता ते दूर चँडलर गावी धाकट्या मुलाकडे असतात, म्हणून मी एवढं मोकळेपणानं लिहितेय. इथे असते तर आधी लेखाचं वजन केलं असतं.

वजन आणि तोल, या दोन गोष्टींपलीकडे त्यांना जग नव्हतं. मूळचे कोल्हापूरचे, इंजिनियर होऊन तरुणपणीच इकडे आलेले, आणि सगळी नोकरी मोठमोठ्या फिरत्या यंत्रांचा तोल साधण्यात गेलेली. मुक्ताचं लग्न ठरवायला आमच्याकडे आले होते तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, चहा झाला, आता देण्याघेण्याचं बोलतील म्हणून आमचे हे घसा खाकरून बसले, तर व्याह्यांची नजर छताला. म्हणाले, "स्टूल आहे का हो?" आमचा पंखा वर्षानुवर्षं डुलायचा, आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. हा नवऱ्या मुलाचा बाप नव्याकोऱ्या सफारीत स्टुलावर चढला आणि खिशातलं एक रुपयाचं नाणं चिकटपट्टीनं पंख्याच्या पात्यावर लावलं. चार वेळा जागा बदलली. पंखा शांत फिरायला लागला तसे खाली उतरून हात झटकत म्हणाले, "हं, काय बोलत होतो आपण?" देण्याघेण्याचा विषय पुन्हा निघालाच नाही. ते नाणं हाच काय तो आमच्याकडे आलेला आहेर.

धनुष्य त्यांच्या हातात आलं ते उशिरा, पासष्टीनंतर. त्यांच्या पत्नी अकरा महिने अंथरुणाला खिळून होत्या. फार हाल झाले बाईचे, आणि हा माणूस अकरा महिने खुर्ची टाकून शेजारी बसलेला. त्या गेल्यावर कुणाशी बोलेनात. तेव्हा त्यांचा जुना सहकारी डेल एक दिवस गाडी घेऊन आला आणि त्यांना आपल्या शेतावर घेऊन गेला. हा डेल म्हणजे सहा फुटी, पांढऱ्या दाढीचा, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा माणूस. तो स्वतः लाकूड तासून धनुष्यं बनवतो. चाकं आणि दुर्बिणी लावलेली हल्लीची धनुष्यं त्याला चालत नाहीत. नुसतं वाकवलेलं लाकूड, दोरी, देवदारासारख्या हलक्या लाकडाचे बाण आणि त्यांना टर्की पक्ष्याच्या पिसांचे तीन पंख. व्याही संध्याकाळी घरी आले ते बोलतच आले, असं मुक्ता सांगते. तीन महिन्यांनी तोंड उघडलं, आणि पहिलं वाक्य काय, तर "बाणाचा तोल मध्यावर नसतो, माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात माहीत करून देण्यात आलं. जेवणाच्या टेबलावर उभी पट्टी ठेवून तिच्या धारेवर बाण आडवा तोलायचा आणि मला हाक मारायची. "बघा, मध्ये तोलला तर तो बाण नव्हे, काठी. तोल पुढे हवा. डोकं जड, शेपूट हलकी. मग तो सरळ जातो." मी म्हटलं, "आमच्या घराण्यात एकाचंही डोकं जड नाही, तरी सगळे सरळच गेले." ते हसले नाहीत. तोलाच्या विषयात विनोद चालत नसे.

आणि हे जड-हलकं मोजायचं ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे तांदळाचे दोन-तीन दाणे, एवढंसं वजन. पूर्ण बाण पाचशे ग्रेनचा हवा. हलका असेल तर जोरात सुटतो, पण दोरी टणत्कार करते, हरीण दचकतं, आणि बाण लागला तरी खोल जात नाही. जड असेल तर मुकाट जातो, खोल जातो, पण लवकर खाली पडतो. बरं, टोक जड केलं की काठी जास्त लवते. म्हणून जास्त ताठ काठी घ्यायची. ताठ काठी वजनाला जड, म्हणजे पुन्हा सगळं मोजा. आमटीत मीठ जास्त झालं म्हणून पाणी घालावं, पाणी झालं म्हणून तिखट घालावं, तसं हे वर्षभर चालायचं, आणि आमटी काही पानात पडायची नाही.

त्यांचा तो सोनाराकडे असतो तसला इवलासा वजनकाटा माझ्या मसाल्याच्या डब्याशेजारी असायचा. इतका नाजूक की वाऱ्यानंही आकडा हलायचा. मी शिंकले तरी "श्वास रोखा, विहीणबाई!" अशी आरोळी यायची. एकदा ते बाण तोलत होते आणि मी मिरच्यांची फोडणी टाकली. चुलीवरचा धूर ओढणारा पंखा लावला, तर त्यांनी हळूच येऊन तो बंद केला, का तर आकडा दीड ग्रेननं हलतोय. पुढच्या क्षणाला घरातला धुराचा भोंगा कोकलायला लागला. जावई ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, तो कानाला हेडफोन लावलेलाच धावत खाली आला. "बाबा! व्हॉट इज गोइंग ऑन, यार?" सगळे खोकत होतो, डोळ्यांतून पाणी, आणि व्याही त्या धुरात काट्यावर वाकून म्हणतायत, "चारशे नव्याण्णव पॉइंट आठ. कुणी हलू नका."

पण गंमत अशी, की एवढं करून ह्या माणसानं हरणावर बाण कधी सोडलाच नव्हता. परसातल्या फोमच्या ठोकळ्याची चाळण झालेली. वीस पावलांवरून वाटीएवढ्या जागेत सहाच्या सहा बाण जायचे, मी स्वतः पाहिलंय. परवाना होता, परीक्षा दिलेली. दर वर्षी पानं रंगायला लागली की ते पहाटे उठून डेलच्या शेताकडच्या रानात जायचे आणि फांद्यांचा आडोसा करून त्यात बसायचे. आणि दर वर्षी रिकाम्या हातानं परत. एका वर्षी पीस दमट होतं. एका वर्षी काठीत बारीक चीर दिसली. एकदा टोक अर्ध्या ग्रेननं कमी भरलं होतं म्हणे. मी एकदा विचारलं, "अहो, अर्ध्या ग्रेननं हरणाला काय फरक पडतो?" त्यावर ते बराच वेळ पीस बोटानं सरळ करत बसले. मग म्हणाले, "चुकला तर चुकू दे, विहीणबाई. ते पळून जाईल, सुखी राहील. पण अर्धवट लागता कामा नये. अर्धवट लागलेलं जनावर दिवस दिवस हिंडतं." डेलनं दिलेल्या हरणाच्या मटणाचा तांबडा रस्सा मात्र स्वतः करून ओरपायचे. त्यावर छेडलं तर म्हणत, "डेलचा बाण बरोबर लागतो. मला माहीत आहे."

गेल्या वर्षी मात्र वेगळं होतं. डेलचे गुडघे गेले होते, त्यानं शेत आणि रान दोन्ही विकायला काढलं, गिऱ्हाईक मिळालंही. म्हणजे हा शेवटचा मोसम. व्याह्यांनी डेलला शब्द दिला, मुलांना फोन करून सांगितलं, मंडळाच्या गणपतीत चारचौघांत सांगितलं, "यंदा नक्की." लोकांनी टाळ्याबिळ्या वाजवल्या. तेव्हापासून यांची झोप उडाली. ताटात भाकरी तशीच. तीन महिने खपून सहा बाण असे जुळवले की सहाही एका वजनाचे, एका तोलाचे. प्रत्येकावर बारीक अक्षरात नंबर घातला आणि दिवाणखान्यातल्या स्टँडवर उभे केले. दसऱ्याच्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं.

आणि आदल्या दिवशी आली खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रांची, हत्यारांची पूजा. नागपूरला आमचे हे स्क्रू-ड्रायव्हर आणि स्कूटर पुजायचे. इथे मी लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, मिक्सर, विळी असं सगळं पाटावर मांडलं. आणि मनात आलं, अगंबाई, घरात खरं शस्त्र असताना मी मिक्सरला कुंकू कसलं लावतेय! व्याही फिरायला गेले होते. मी ते सहाही बाण अलगद आणले, धारदार टोकांना हात न लावता आडवे ठेवले, आणि चांगलं ओलं गंध, वर हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, असं यथासांग केलं. दांडीला लावलं ते लावलंच, पण पंख बिचारे कोरडे दिसले म्हणून त्यांनाही एकेक बोट.

मुक्ता वरून आली आणि जिन्यातच थांबली. "आई! बाबांच्या बाणांना काय केलंस?"

"पूजा."

"अगं, पिसं ओली केलीस! त्याला ते हात लावू देत नाहीत कुणाला! सगळा बॅलन्स…"

 मी ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर पिसं भिजलेल्या कोंबडीसारखी चपटी झाली. मुक्तानं केस वाळवायचं मशीन आणलं. वाळली, फुलली, पण तीन नंबरचं आणि पाच नंबरचं एकेक पीस बुडातून सुटून आलं. मुक्ताच्या ड्रॉवरमधला डिंक लावून मी ती बसवली, डिंक जरा जास्तच सांडला. "बाबांना सांग," मुक्ता म्हणाली. मी म्हटलं, "सांगते." आणि सांगितलं नाही. आपल्या आईला सांगितलं असतं, भावाला सांगितलं असतं, पण व्याह्यांना काय सांगू? त्यात मी मुलीकडची. जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा "भात वाढू?" एवढंच बाहेर पडलं. जेवण झाल्यावर त्यांनी बाण काट्यावर ठेवलेले दिसले.  पण ते काहीच बोलले नाहीत. म्हटलं, सुटले.

सकाळी उठून पाहते तर स्टँडवर चारच बाण. तीन आणि पाच नंबर नाहीत.

मग मला ते अर्धवट लागलेलं जनावर दिसायला लागलं, दिवस दिवस हिंडणारं. देवापुढे दिवा लावायला हात होईना. चार वर्षं ज्या एका गोष्टीला हा माणूस भ्यायला, ती माझ्या कुंकवानं व्हायची होती! फोन लावला, तर आडोशात बसताना ते फोन बंद ठेवतात. मुक्ताला उठवलं. म्हटलं, "गाडी काढ." ती म्हणाली, "आई, आज दसरा आहे, पुरणाचं…" म्हटलं, "पुरण खड्ड्यात गेलं, गाडी काढ."

अर्धा तास गाडीत मी एक शब्द बोलले नाही, मुक्ताला हे पहिल्यांदाच अनुभवायला मिळालं. डेल ओसरीत कॉफी पीत बसला होता. मी माझं सगळं इंग्रजी गोळा करून म्हटलं, "आय मेक मिस्टेक. ॲरो बॅड. माय फॉल्ट." मुक्तानं पुढचं समजावलं. डेलनं मला साडीच्या टोकापासून पायातल्या बुटांपर्यंत पाहिलं, म्हणाला, "येस, मॅम," आणि आतून एक भडक नारिंगी जाकीट आणून साडीवर चढवलं. मुक्ताला तिथेच थांबायला सांगितलं आणि मला घेऊन काठी टेकत निघाला. पानं कुरकुरत होती, प्रत्येक पावलाला वाटत होतं की आत्ता कुठूनतरी किंचाळी ऐकू येईल. एका वळणावर डेल थांबला, हळू शीळ घातली, पलीकडून शीळ आली. त्यानं मला बोटानं फांद्यांचा ढीग दाखवला आणि स्वतः मागे फिरला.

आडोशात व्याही छोट्या घडीच्या स्टुलावर बसलेले. धनुष्य मांडीवर. दोन्ही बाण भात्यात, न सुटलेले. मी आधी ते मोजले, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"विहीणबाई? तुम्ही? घरी सगळे बरे आहेत ना?" कुजबुजत विचारलं त्यांनी.

"सगळे बरे आहेत. मीच बरी नाही. अहो, तुमच्या बाणांना मी काल…"

"कुंकू लावलंत."

मी पाचोळ्यातच खाली बसले.

"तीन नंबर साडेचार ग्रेन जास्त आहे," ते म्हणाले. "पाच नंबर सहा. आणि सगळं शेपटाकडे, जिथे नको तिथे. पिसाच्या बुडाशी लाल दिसतं अजून."

"तुम्हाला रात्रीच कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला काय म्हणणार?" ते म्हणाले. "सणाचा दिवस. आणि पूजा केलीत, काही वाईट नाही केलंत."

मी कपाळावर हात मारला, हळूच, आवाज होऊ नये म्हणून. "अहो, पण मग चांगले चार सोडून हेच दोन कशाला आणलेत?"

 समोर एक ओकचं झाड होतं, खाली त्याची सुपारीएवढी फळं पसरलेली. ते तिकडे पाहात राहिले. मग म्हणाले, "साडेसातला एक मादी आली होती. बारा पावलं. आडवी उभी, पूर्ण. याहून चांगलं मिळत नाही कुणाला. मी बाण लावला, दोरी गालापर्यंत आणली." त्यांनी हात गालाजवळ नेऊन दाखवला. "मनात म्हटलं, तोल बिघडलेला आहे. कसा सोडणार? आणि खाली घेतला."

"बरंच केलंत की."

"बरं नाही केलं. पहाटे स्टँडपाशी उभा होतो ना, तेव्हाच मला माहीत होतं मी हे दोन का उचलतोय."  "गेली चार वर्षं प्रत्येक वेळी काहीतरी सापडायचं. यंदा सहाच्या सहा बरोबर होते, विहीणबाई. यंदा काही सापडत नव्हतं. तुम्ही कुंकू लावलेलं दिसलं आणि मला, काय सांगू, सुटल्यासारखं वाटलं."

 मी आपली पदरानं जाकिटावरचं पान झटकत राहिले. तेच पुढे म्हणाले, "आता डेलला काय सांगू? त्यानं माझ्यासाठी जमिनीचा व्यवहार दिवाळीपर्यंत थांबवून ठेवलाय. पोरांना काय सांगू? चारचौघांत बोललो. म्हातारा नुसता बडबडतो म्हणतील."

"माझं नाव सांगा."

"छे! तुमच्यावर कसं ढकलू?"

"ढकला हो. मुलीकडची माणसं आम्ही, आम्हाला सवय आहे." ते हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. मलाही हसू आलं. "आणि खोटं काय आहे त्यात? साडेचार ग्रेन खरेच आहेत ना?"

"साडेचार आणि सहा," ते म्हणाले.

आम्ही परत निघालो तेव्हा डेल शेताच्या कडेला उभा होता. व्याह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच पुढे होऊन म्हटलं, "माय मिस्टेक. पूजा. कुमकुम. ॲरो, टू मच." डेलनं भात्यातून तीन नंबरचा बाण घेतला. बोटावर आडवा ठेवला, तोल पाहिला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला, पिसाच्या बुडाचा लाल ठिपका डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग व्याह्यांच्या चेहऱ्याकडे. या दाढीवाल्यानं जन्मभर बाण बनवलेत, त्याला काय कळायचं ते कळलं. त्यानं बाण जपून परत भात्यात ठेवला आणि म्हणाला, "येस, मॅम. यानं फरक पडतो. नक्कीच पडतो." इंग्रजीत म्हणाला, पण मला समजलं.

मग त्यानं व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

गाडीत ते पुढे मुक्ताशेजारी बसले, मी मागे, अजून त्या नारिंगी जाकिटात. शेताच्या तोंडाशी जमिनीत छोट्या छोट्या खुंट्या ठोकलेल्या होत्या, प्रत्येकीला गुलाबी फीत, मोजणी करून गेलेल्यांनी लावलेली. येताना माझं लक्षच गेलं नव्हतं. मुक्तानं गाडी हळू केली. "बाबा, ठीक आहात ना?"

"हो हो. आईंनी पूजा केली ना काल, त्यात जरा गडबड झाली," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर त्या फितींकडे बघत म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर सुरुवात करू. उन्हाळ्यातच."

मुक्तानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, उन्हाळ्यातच करू या."